घरी खोलता येईल असं पिस्तूल

आमच्या अर्धापूरच्या बापूकाकांचं डोकं म्हणजे काय चीज हाय, ऐका. त्यांच्या रानातली केळी चोरणाऱ्यानं त्यांच्यावर कोयता उगारला, तवा त्यांनी पिस्तुलाचं लायसन काढलं. मला घेऊन नांदेडच्या दुकानात गेले. दुकानदार एकेका कंपनीचं कौतुक सांगून राहिला, आन् काकांचा एकच सवाल, "ह्यातलं घरी खोलून दुरुस्त करता येईल असं कोणतं?"

"काका, ते कायद्यात बसत न्हाई. बिघडलं की इथंच आणायचं."

काका उठलेच. "दर खंडेनवमीला मी पाण्याची मोटार, फवारणीचा पंप, समदं खोलून, पुसून पूजतो. जे मला खोलताच येत न्हाई, त्याच्या भरवशावर जीव ठेवू व्हय?"

रिकाम्या हातानं परतलो. खंडेनवमीला काकांनी अवजारांच्या रांगेत ते लायसनच मांडलं. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. प्रसादाला आलेल्या अख्ख्या गावानं ते डोळे फाडून पाहिलं. तवापासून रानातून केळीचा एक घड हलला न्हाई! मी तर हातच जोडले.

परवा म्हटलं, "काका, आता तरी पिस्तूल घ्या की."

"कशाला रं? ह्या लायसनला दुरुस्तीच लागत न्हाई."