रिळाच्या खाचा

नाही हो, हिरवाच दोरा आहे तो. तपकिरी? जरा दाराशी उजेडात धरून बघा — चाळीस वर्षं सुई हातात धरतोय मी, हिरव्या कोटाचं बटण तपकिरी दोऱ्यानं लावीन होय? ...तपकिरीच म्हणता. बरं, द्या इकडे, उसवतो. बसा ना त्या स्टुलावर, कापडं सारा बाजूला. त्याचं काय झालं, आमच्या रिळांच्या कडांना खाचा असायच्या — हिनं, माझ्या बायकोनं, कात्रीनं पाडलेल्या — लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. मी आपला बोटानं चाचपायचो. ती गेली गेल्या वर्षी, आणि ही रिळं नवी, गुळगुळीत. नाही, दिसत नाही असं नाही हो, दिसतं — म्हणजे — जाऊ दे, तुमच्यापासून काय लपवायचं, दोन्ही मला सारखीच दिसतात. लहानपणापासून. रंग न कळणाऱ्या शिंप्याकडे कोण येणार, सांगा? तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, पोटच्या पोरांनासुद्धा नाही.

आता माझा नातू, लेकीचा मुलगा — आगगाडी चालवायची त्याला, दुसरं काही सुचतच नाही. लेखी परीक्षेत पहिला आला, आणि डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांमधला आकडा काही दिसेना. घरी नुसती रडारड. आणि मी काय बोललो माहितीये? सगळ्यांसमोर, विहीणबाईंच्या तोंडावर — 'आमच्या घराण्यात कुणाच्या डोळ्यात खोट नाही, तुमच्याकडचं बघा.' जीभ हासडायला हवी होती माझी! जावई गरीब माणूस, त्यानं ते खरं मानलं. पोराला जवळ घेऊन म्हणतो, 'माझ्यामुळे झालं रे, माफ कर मला.' मी तिथंच बसलेलो, चहाचा कप हातात. प्यायलो, साहेब. सगळा चहा प्यायलो.

काल लेक डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी कागदावर काढून दाखवलं म्हणे — मुलाला हे बापाकडून येतच नाही, आईकडून येतं. आईला स्वतःला रंग दिसतात, पण तिच्या बापाला दिसत नसतील तर ते तिच्याकडे आलेलंच असतं, प्रत्येक मुलीकडे, चुकत नाही. मुलगे सुटतात. म्हणून माझा मुलगा सुटला — आणि जिच्यावर जीव टाकला तिच्याच पदरात मी हे बांधलं. तेही एक वेळ राहू दे, ते काय माझ्या हातात होतं? बोलणं तर माझ्या हातात होतं ना! कधीतरी तिच्या आईकडूनही येतं म्हणाले डॉक्टर, म्हणून लेक म्हणते, 'बाबा, आईचं आता कळणार नाही, तुमचे डोळे तपासून घेऊ.' मी म्हटलं, बघू. आईवर गेलं तर जाऊ दे, असंही आलं हो मनात — जिनं चाळीस वर्षं मला झाकलं तिच्यावर!

पाचला येते म्हणाली होती. किती वाजले? — ती बघा, रस्ता ओलांडतेय. तिनं अंगात काय घातलंय, तांबडं की हिरवं? नको, सांगू नका. ये गं पोरी, ये. आधी त्या डब्यातलं हिरवं रीळ काढून दे मला. नाही, चष्मा आहे डोळ्यावर. मला ओळखू येत नाही, पोरी. कधीच येत नव्हतं.

साहेब, तुम्ही निघा आता. कोट उद्या न्या.