माझ्या प्लेटमधले चिप्स

…आणि वर पबमधली ती वाढणारी पोरगी विचारते काय, तर "सगळं ठीक आहे ना?" अहो, काय ठीक आहे? मासा बाहेरून कोळसा, आतून बर्फ, वाटाणे असे की बंदुकीत भरून ससे मारावेत! आणि मी, डेरिक ऑगडन, उभा जन्म बस चालवण्यात गेला, भल्याभल्या लॉरीवाल्यांना खिडकीतून डोकं काढून त्यांची कुळं उद्धरून दाखवली, तो मी काय म्हणालो असेन? "छान आहे, थँक्यू!"

हसू नका. तुम्ही तरी दुसरं काय म्हणता? आपल्या इंग्रज लोकांत पोर जन्मल्यावर एकदा काय तो टाहो फोडतं, तेवढीच त्याची तक्रार. त्यानंतर मरेपर्यंत छान आहे, थँक्यू!

तर ही झाली रविवारची गोष्ट, सुट्टीच्या पहिल्याच दिवसाची. श्रॉपशरच्या डोंगरात आठवड्यासाठी एक कॉटेज घेतलं होतं. आता तुम्ही म्हणाल, डेरिक, मेल्या, तुला मेंढ्या बघायची हौस कधीपासून? मेंढ्या गेल्या खड्ड्यात हो! मी गेलो होतो पॉलीनसाठी. माझी बायको. आणि खरं सांगायचं तर पॉलीनसाठी पण नाही, तिच्या हातासाठी.

थांबा, नीट सांगतो. लग्न झाल्यापासून आमचं एकच भांडण. पबमध्ये गेलो की मी विचारणार, "चिप्स मागवू का तुला?" ती म्हणणार, "छे! मला भूकच नाहीये, मी आपलं सूप घेते." बरं बाई, घे सूप. माझे चिप्स येतात, बटाट्याचे तळलेले तुकडे, बोटासारखे जाड, वाफाळलेले, मी काटा उचलतो… आणि समोरून हात येतो! "एकच घेते हं." एकच! त्या 'एकच'मध्ये माझी अर्धी प्लेट साफ! आणि खायच्या आधी मला न विचारता व्हिनेगरची बाटली उपडी करणार, माझ्या प्लेटमध्ये! अशी की चिप्स पोहायला लागावेत! मी आयुष्यभर ओरडत आलो, "अगं, स्वतःचे मागव की!" आणि ती आयुष्यभर सांगत आली, "मला भूक नाहीये."

मग गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. पोटाचं मोठं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "मिस्टर ऑगडन, काळजी मिटली, सगळं निघालं. आता फक्त त्यांची भूक परत यायला हवी." फक्त! तोंडाने म्हणायला काय जातं! ती दोन चमचे सूप घेणार, चमचा खाली ठेवणार आणि म्हणणार, "छान आहे, थँक्यू." तुम्हाला सांगतो, तिच्या त्या 'छान आहे'वर माझा कवडीचा विश्वास नव्हता. ऑपरेशनच्या आधी दुखून दुखून भिंतीला नखं लावत होती, तेव्हा नर्सला पण हेच सांगत होती ना! आणि माझे चिप्स? एकाला हात नाही! व्हिनेगरच्या वासाने तिला मळमळायचं. सगळी प्लेट माझी एकट्याची, इतक्या वर्षांनी! आणि घास उतरेल तर शपथ.

म्हणून ही सुट्टी. मनाशी ठरवलं, रोज नवा पब, रोज चिप्स. गळाला आमिष लावतात ना, तसं. मला तळलेलं बंद केलंय हो डॉक्टरांनी, पण कोण विचारतो!

रविवारचं ऐकलंतच. सोमवारी गेलो 'लंगडं बदक'मध्ये. दोन नुकतेच वाजून गेलेले. मालक ग्लास पुसतोय. मी म्हटलं, "जेवण?" म्हणाला, "किचन बंद." म्हटलं, "बरं, सँडविच?" "किचन बंद." "अहो, पावात चीज घालायला किचन कशाला लागतंय?" असं मी मनात म्हटलं हं! तोंडाने म्हटलं, "काही हरकत नाही, थँक्यू!" वेफर्सचं पाकीट मिळालं. पॉलीनने एक वेफर उचलला, माझा जीव वर… आणि तो तिने टेबलाखाली मालकाच्या कुत्र्याला दिला. झालं! तो धटिंगण मग माझ्याच मांडीवर पाय देऊन उभा. भीक नको, पण कुत्रा आवर!

बुधवारी म्हटलं, जरा भारी ठिकाणी जाऊ. 'दोन कोल्हे.' तिथे जेवण प्लेटमध्ये नाही, छपराच्या कौलावर देतात! रस्सा ओघळला तो थेट माझ्या पँटीवर. चिप्स? पोराने ठोकळ्यांचं घर रचावं तसे रचलेले, मोजायला एका हाताची बोटं पुरतील! पॉलीन म्हणाली, "किती सुंदर मांडलंय," आणि खिडकीतून मेंढ्या बघत बसली. वाढणारा पोरगा आला, "सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, छान आहे, थँक्यू! मांडी भाजत होती, तरी थँक्यू!

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभरात तिने काडीइतकंही खाल्लं नव्हतं आणि तिचं उरलेलं खाऊन माझा पट्टा एक भोक पुढे सरकला होता. दुपारभर पाऊस. एका वळणावर पब दिसला, 'गप्प बाई'. आत गेलो तर काउंटरमागे ब्रेंडा नावाची मालकीण, अंगाने दोन दरवाजांच्या कपाटाएवढी, आणि गप्प? छे! "किचन बंद झालं बरं का, सोन्या!" सदुसष्टाव्या वर्षी मला सोन्या! मी नेहमीप्रमाणे "काही हरकत ना…" म्हणत वळलो, तेवढ्यात तिची नजर पॉलीनवर गेली. पॉलीनचा जुनाच कोट, पण खांद्यांवर टांगल्यासारखा दिसायला लागला होता. ब्रेंडाने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बस गं राणी, शेकोटीपाशी बस. तेल अजून गरम आहे." त्या बाईचं देव भलं करो! आजही तिच्या नावाने आधी एक घोट घेतो, मग बाकीचा ग्लास.

चिप्स आले. साध्या जाड प्लेटमध्ये, वेडेवाकडे, कुठे जास्त लाल झालेले. मी काही तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं की ती 'छान आहे' म्हणते! मी आपला भिंतीवरच्या डार्टच्या तबकडीकडे बघत बसलो, आकडे वाचत. आणि कानावर आवाज आला… बुडबुड, बुडबुड. व्हिनेगर! माझ्या प्लेटमध्ये! न विचारता! मग समोरून हात आला, सुरकुतलेला, अंगठी सैल झालेली. "एकच घेते हं."

तिने एक खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा. मग दोन एकदम! आणि नेमकी तेव्हा ब्रेंडा आली, "सगळं ठीक आहे ना?"

आणि मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाला मी ओरडून म्हटलं, "नाही!" एकाचा डार्ट हातातच राहिला. "अजिबात ठीक नाही! ही बाई माझे चिप्स खातेय!" आणि ढसाढसा रडायला लागलो. चारचौघांत! कोपऱ्यातला एक म्हातारा शेतकरी सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून बसला, म्हणजे मला लाज वाटू नये म्हणून.

ब्रेंडा घाबरली. "अरे देवा, रडू नकोस सोन्या, हिला वेगळी प्लेट आणते!" पॉलीन भरल्या तोंडाने म्हणते कशी, "नको गं, मला भूक नाहीये."

तरी ब्रेंडाने आणलीच. शीग लावून! आता मला सांगा, कुठलाही शहाणा माणूस काय करेल? तिची भरलेली प्लेट समोर, माझी जवळजवळ रिकामी. मी हळूच हात पुढे केला, तर फाडकन चापट! "ए! ते माझे आहेत!" आणि पुन्हा माझ्याच प्लेटमधला शेवटचा उचलला, व्हिनेगर निथळवून. तिची प्लेट? ती कागदात बांधून घेतली. रात्री लागेल म्हणे!

निघताना ब्रेंडाने विचारलं, "आता तरी सगळं ठीक आहे ना?" पोटात कावळे ओरडत होते हो! बाहेर पाऊस, गावातली सगळी किचनं बंद, आणि माझे डोळे अजून गळतायत. काय सांगणार तिला?

म्हटलं, छान आहे. थँक्यू.