बाई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली की...

...आणि दर वेळी बाईच का मरती हो? तुम्हाला सांगतो, आमच्या मुकुंदाला विचारून बघा, शंभरातल्या नव्वद पिक्चरमध्ये बाईच मरती, आणि मरती ती कशी, तर ताप नाही, उलटी नाही, केसांची एक बट इकडची तिकडं नाही, उलट मरायला लागल्यावर आणखीच देखणी दिसती, मागं पन्नास व्हायोलिनं वाजतात, आणि नवऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नसतो! मुकुंद म्हणजे आमच्या शुक्रवार पेठेतला, जूनमध्ये हेडक्लार्क म्हणून रिटायर झाला, आणि रिटायर झालेल्या माणसानं काय करावं, देवळात जावं, कट्ट्यावर बसावं... ह्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि सत्तर-सत्तर वर्षांपूर्वीचे हॉलिवूडचे रडके पिक्चर बघायला लागला. रोज दुपारी दोन ते पाच. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्धं खालची अक्षरं वाचून, पण रडायचा मात्र पूर्ण.

खोटं कशाला बोलू, त्याच्या शेजारी बसून दोन-चार मीही बघितले. काय ते जिने! आमची अख्खी गल्ली मावेल एवढे रुंद, आणि त्यावरनं ती बाई उतरती, झग्याचा घेर मागं तीन पायऱ्यांवर रेंगाळतोय, रंग असे की आपल्या सोलापुरी चादरीनं लाजून घडी होऊन बसावं. प्रेम करतात ते जीव ओवाळून, भांडतात ते झुंबराखाली. आपल्याकडं जन्मात कुणी असं बघितलेलं नसतं हो, म्हणून आपण बघत बसतो. पण खोट म्हणाल तर एकच, कुणी म्हणून सरळ बोलत नाही! महत्त्वाचं बोलायची वेळ आली की बाई उठती आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहती. निवेदितावहिनी, म्हणजे मुकुंदाची बायको, हायस्कूलला गणित शिकवतात, त्या एकदाच पाच मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, ह्या दोघांनी चहा करून समोरासमोर बसून बोलून घेतलं असतं तर पिक्चर दहा मिनिटांत संपला असता. मुकुंदाला ते लई लागलं.

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी ह्याच वहिनींनी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. हा डबा मोहरीचा, हा जिऱ्याचा, विरजण एवढंच घालायचं, दूध कोमट पाहिजे, गॅसचं पुस्तक ह्या खणात... चौतीस वर्षांत ज्या माणसाला शेगडीजवळ फिरकू दिलं नाही, त्याला! मुकुंद म्हणतो, तिथंच ओळखलं. कारण पिक्चरमध्ये बाई नवऱ्याला घरातलं काय कुठं आहे ते दाखवायला लागली, की समजायचं, शेवट जवळ आला. आता सांगा, माणसानं घाबरू नये तर काय करावं?

मग फोन. वहिनी गच्चीवर जाऊन बोलायला लागल्या, हा वर गेला की 'ठेवते' म्हणायच्या. मग जेवण कमी झालं. आणि एक दिवस शाळेतनं आल्या, पर्स ठेवली, आणि... खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या! मुकुंदाच्या हातातला रिमोट गळाला. आता त्या खिडकीतनं दिसतं काय, तर शेजारच्या काशम्माचं स्वयंपाकघर आणि तिनं उभ्या करून ठेवलेल्या कडक भाकरी, तिकडं दहा मिनिटं टक लावून बघण्यासारखं काय आहे? त्यानं विचारलं, काय झालं? वहिनी म्हणाल्या, काही नाही. संपलं! 'काही नाही' म्हणून पुढं जगलेली बाई त्यानं अजून एकाही पिक्चरमध्ये बघितलेली नाही हो.

त्या दिवसापासनं त्याचंच जेवण सुटलं. वहिनी खोकल्या की हा उठून उभा. जिना चढताना थांबल्या की ह्याचा श्वास थांबतोय. मी म्हटलं, अरे, विचार की सरळ. तर माझ्याकडं असं बघितलं आणि म्हणाला, विचारलं आणि तिनं सांगितलं तर? आता सांगा, माणसानं घाबरू नये तर काय करावं?

गुरुवारी दुपारी काशम्मा दारात आली. तिचं मराठी कानडी वळणाचं, आणि पोटात काही राहत नाही. म्हणाली, "तुमच्या बाई सात रस्त्याला दवाखान्यात कशाला गेल्यात वो? मी रिक्षातनं बघितलं की." वहिनी तर शाळेत मीटिंग आहे म्हणून गेलेल्या! मुकुंदानं टीव्ही तसाच सोडला, हाताला लागेल ती चप्पल घातली आणि स्कूटर काढली. वाटेत डायलॉग जुळवायलाय, तू माझ्यापासून का लपवलंस, तू माझ्यापासून का लपवलंस... सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला वळून म्हणतो, काका, मला म्हणालाय का?

दवाखान्यात जिना होता. अरुंद, आणि भिंतीवर 'थुंकू नये'. वर बाकावर पंधरा-वीस माणसं, त्यात वहिनी. मांडीवर चाचणीचे पेपर, हातात लाल पेन, आणि पहिल्याच पेपरावर एकही खूण नाही. मुकुंदाचे सगळे डायलॉग घशातच राहिले, गुपचूप शेजारी जाऊन बसला. वहिनी दचकल्या नाहीत. हळू आवाजात सांगितलं, छातीत गाठ लागली, पंधरा दिवस झाले, तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट आज आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रडला असतात," वहिनी म्हणाल्या. "मग मी तुम्हाला समजावत बसले असते. मला माझं घाबरायचं होतं हो. घरात तुमच्या रडण्यापुढं त्याला जागाच नव्हती."

तुम्हाला सांगतो, हे मला सांगताना मुकुंदानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानं बाकावर वहिनींचा हात धरला तर हात गार. चाळीस मिनिटं तसेच बसले. व्हायोलिन कुठलं, वर पंखा करकरतोय आणि समोर एक म्हातारा तंबाखू खाऊ देत नाही म्हणून सुनेशी वाद घालतोय. आणि रोज दुपारी तीन तास रडणाऱ्या ह्या माणसाला रडूच येईना. तोंड कोरडं, डोळे कोरडे. आता सांगा, कुठल्या पिक्चरनं हे दाखवलंय?

नाव पुकारलं. आत डॉक्टरबाई, एका कानाला फोन, रिपोर्ट उलटसुलट करून म्हणाल्या, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, मंगळवारी काढून टाकू. बास! एवढंच! मुकुंदाला पटेना. पिक्चरमधले डॉक्टर नवऱ्याला बाजूला घेऊन खरं सांगतात, म्हणून हाच पुढं झाला, म्हणाला, डॉक्टर, जरा बाहेर येता का, जे असेल ते मला एकट्याला सांगा. डॉक्टरबाईंनी फोन खाली ठेवला.

"जे आहे तेच सांगितलं, काका. जाताना दार ओढून घ्या."

खाली आल्यावर वहिनी रडल्या. नाक वाहतंय, उचकी लागलीय, पदर तोंडात. मुकुंद म्हणतो, एवढी साधी दिसली बघ, आणि मला बघवेना, आणि बघणं सोडवेना.

मग निघाले. स्कूटर घाईत रस्त्याच्या पलीकडं लावलेली. सात रस्ता म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, सातही बाजूंनी टमटम, एसटी, ट्रक. एरवी दोघंही ओलांडतात. पण त्या दिवशी पाऊल उचलेना! एवढ्यातनं सुटलो आणि आता चाकाखाली गेलो तर? एकमेकांना बोलले नाहीत, पण दोघांच्या मनात तेच. हात धरून वीस मिनिटं कडेला उभे. शेवटी मुकुंदानं रिक्षाला हात केला. रिक्षावाला म्हणाला, कुठं जायचं? ह्यानं समोरच्या फुटपाथकडं बोट दाखवलं.

रिक्षावाल्यानं फुटपाथ बघितला, दोघांची तोंडं बघितली, आणि म्हणाला, बसा.

बसले की. काय करणार?