सुनेचा मासा

गुरुवारच्या पूजेची फुलं घेऊन परतताना, अमरावतीतल्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात मी घरच्या माशांच्या दाण्यासाठी थांबले. पुढच्या बाईंनी पिशवीतला सोनेरी मासा दुकानदारासमोर धरला.

“भाऊ, हा चार दिवसांपासून खाऊन नाही राहिला.”

“काकू, पाणी कधी बदललं?”

“सोमवारी. सारं काढून नळाचं ताजं भरलं.”

“तेच चुकलं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मंग टाका लागते.”

“मले काय मालूम? सून पाहे सारं. दोन महिने झाले, भातकुलीले माहेरी गेली.”

“मंग तिले फोन करा लागत होता.”

“केला ना काल, पयल्यांदाच. म्हणे, आई, मी बी तुमच्या घरी चार दिवस जेवली नव्हती. तवा कोणी विचारलं नाही.”

“मंग?”

“मंग काय? म्या म्हटलं, ते राहू दे, माशाचं सांग.”