जीप दारात उभी होती

मंडळी, एक विचारतो — उत्तराची घाई नको! गाणं ऐकून डोळे भरून आले, रुमाल ओला झाला, म्हणजे भक्ती पोचली का देवाला?

माना डोलावताय? बरं! मग ऐका.

शेवगावच्या पलीकडं एक वाडी. तिथल्या चर्चचा गायनमास्तर थिओफिल उमाप. काय गळा! चर्चच्या जीपची किल्लीही त्याच्याच खिशात. आणि त्याची गाणी? कडव्याकडव्यात अश्रू! गाणं बसवताना पेटीकडं बघायचाच नाही — बायकांच्या पदराकडं बघायचा. पदर डोळ्याला लागला की गाणं पास! हसू नका, तुमच्याकडं तरी काय वेगळं आहे?

त्याच गायनमंडळात करुणा पाटोळे. बालवाडीत शिकवायची, नवी गाणी रचायची. साधी, रोकठोक. म्हणायची, "देवाशी घरातल्यासारखंच बोलायचं की! लाडीगोडी कशाला?" आणि गायची काय मजेत! नऊ वर्षांची लेक अनुग्रहा शेजारी बसून डफ वाजवायची. मास्तर नाक मुरडायचा, "छान आहे, बाई, पण रडू येत नाही!"

गेल्या वर्षी चर्चचा मेळावा तोंडावर आला आणि अनुग्रहाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी पोर आईला ओळखेना! करुणा धावत मास्तरच्या दारात.

"मास्तर, जीप द्या. तालुक्याला दवाखान्यात न्यायचंय."

जीप दारातच उभी! पण ड्रायव्हर ती नेणार होता उलट्या दिशेला, स्टेशनवर — मेळाव्याचा पाहुणा कीर्तनकार आणायला.

"दोन तास दम धरा, बाई. पाहुणा ताटकळला तर बरं दिसतं का? तोवर आम्ही येतो, प्रार्थना करतो."

आले हो! सगळे आले. खाटेभोवती बसून असे गायले, असे गायले, की अख्खी आळी रडली. जीप परत यायच्या आत पोर गेली.

वर्ष होत आलं. ईस्टरच्या पहाटे, म्हणजे येशू थडग्यातून उठला त्या दिवशी, तिथं सगळे कबरस्तानात जमतात, आणि ज्याचं माणूस वर्षात गेलं त्यानं गाणं म्हणायचं, असा रिवाज. करुणानं गाणं रचलं. मास्तरनं वही ओढली.

"ही जीपची ओळ काढा. 'देवानं कळी खुडली' असं घाला. लोकांचं काळीज हललं पाहिजे!"

"देवानं काही खुडलं नाही, मास्तर. ताप होता."

"ओळ काढा, नाहीतर गाणं नाही!"

करुणानं वही परत घेतली. ती ओळ गेली तर पोर दुसऱ्यांदा जाईल, एवढंच तिच्या मनात. पहाटे थडग्याशी उभी राहिली आणि लिहिलं होतं तसंच गायली —

तीन दिवस ताप होता, देवा,
जीप दारात उभी होती.
तू तिला उठवशील, मी वाट बघते —
आधी आम्हाला उठव.

मंडळी, एकाचाही रुमाल निघाला नाही! रडून सुटायची सोयच नव्हती ना! मास्तरचा हात खिशात गेला, किल्लीला लागला, तिथंच राहिला. परतताना म्हणाला काय? "चाल बरी होती, बाई." बस्स!

आला राग मास्तरचा? थांबा! त्या जीपमधून कोण आलं, ते विचारलंत का?

मी आलो! हा, तुमच्यापुढं उभा आहे तो! वाटेत चहाला जीप मीच थांबवली. भजी खाल्ली — गरम होती! आणि त्या संध्याकाळी त्याच पोरीवर असा बोललो, की मंडप हुंदके देत होता. हार घातला मला!

आता मी करुणाबाईंचंच गाणं गात फिरतो. आवडतं मला ते, खरंच आवडतं! त्यात गूळ नाही, भाकर आहे. चावावी लागते.

चला, पेटी घ्या... नाही, थांबा. बाहेर पाच गाड्या उभ्या दिसल्या मला. आज कुणाच्या घरी ताप आहे? हात वर करा. गाणं थांबेल.