अडायची जागा

पनवेलच्या एसटी स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघं जण बसले होते. एक म्हातारा आणि एक पंचेचाळिशीचा त्याचा भाचा.

"म्हण एलिझर, त्या ओळीपासून."

"मामा, इथे? लोक बघतायत."

"सिनेगॉगमध्येही लोकच बघणार आहेत. तेराव्या वर्षी वाचायचं ते तू आत्ता वाचतोयस. लाजतोस कसला?"

अनोळखी भाषेतली एक ओळ हलक्या आवाजात सुरू झाली आणि मध्येच अडली.

"पुन्हा तिथेच चुकलास."

"मग या शनिवारी नकोच मामा. महिनाभर जाऊ दे अजून."

"तुझं वाचन झालं की इस्रायलला येतो, असं मी मुलीला कळवलंय. ती माझी खोली रंगवून बसलीय."

"हो, माहितीय."

"काल तुझ्या दाराशी आलो होतो. आत एकटाच वाचत होतास. एकदाही अडला नाहीस."

एलिझरने हातातला कागद मिटला.

"आता बोल की."

"तुम्ही गेलात की सिनेगॉगमध्ये आम्ही नऊच पुरुष उरतो. दहा नसले तर तोराची पोथी कपाटातून बाहेर काढता येत नाही. मग शिकून मी वाचू कुठे?"

"मुंबईहून येईल कोणीतरी."

"दर शनिवारी?"

गाडी लागली. लोक धावले. ते दोघं उठले नाहीत. मीही नाही.

"म्हण परत."

"मामा..."

"म्हण. आणि चुकायचंच असेल तर आता दुसरीकडे चूक. तेच तेच ऐकून कान किटले माझे."