लिफ्ट चालू आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले मोठे साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले चारही विभागप्रमुख, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या नियोजनाच्या बाई, आणि तीन जिने चढून आल्यामुळे अजून धापा टाकणाऱ्या बंधुभगिनींनो,

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. अशा माणसाच्या हाती माइक देऊ नये. तरी दिलात, त्याबद्दल आभारी आहे.

आपण कॅलेंडरं छापतो. एकच तारीख दोनदा छापली, तर गिऱ्हाईक आपल्याला दारात तरी उभं करील का? पण बाई येण्यापूर्वी याच इमारतीत एकच काम चार-चारदा व्हायचं. म्हणजे काम एकदाच, प्रगती चारदा. सोमवारी बैठकीत सांगायची, मग मेल करायची, मग फोनच्या ग्रुपवर टाकायची आणि शेवटी आपापल्या तक्त्यात भरायची. एका वर्षी मुखपृष्ठाचं चित्र ठरलं. छपाईने कळवलं, विक्रीने कळवलं, प्रशासनाने अभिनंदनासह कळवलं. देखभाल विभागाचा चित्राशी काही संबंध नव्हता, पण मागे कसं राहायचं, म्हणून त्यांनीही कळवलं. साहेबांनी बेरीज केली आणि चार कॅलेंडरांची जाहिरात देऊन मोकळे झाले! साहेब हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

मग बाई आल्या. त्यांनी जिन्यापाशी एकच फळा लावला. डावीकडे वर्षाची उद्दिष्टं, समोर त्या-त्या उद्दिष्टाची कामं. जो काम करील त्यानेच लिहायचं, तेही एकदाच. बाकीच्यांनी येऊन वाचायचं. कुणी तोंडी सांगायला गेलं, की बाई म्हणायच्या, "फळ्यावर लिहिलंत ना? मग माझा चहा कशाला गार करताय?" आपण त्यांना 'एकदाच-बाई' म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे म्हणायचो, असा आपला समज होता. बैठका निम्म्यावर आल्या. दुपारचा वेळ कसा घालवावा, हे काही वरिष्ठांना सुचेना.

पण जित्याची खोड... जाऊ द्या, व्यासपीठावर वडीलधारे बसलेत. फळा काय, सगळ्यांचा. तक्ता कसा, आपला असतो! म्हणून चारही विभाग फळ्यावरचा मजकूर हळूच आपापल्या तक्त्यात उतरवून घेऊ लागले. 'फक्त माहितीसाठी.'

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. देखभाल विभागाने फळ्यावर लिहिलं, 'लिफ्ट : काम चालू'. छपाईच्या तक्त्यातला रकाना अरुंद, म्हणून त्यांनी लिहिलं, 'लिफ्ट चालू'. विक्रीवाल्यांना कोरडं लिहिणं जमत नाही. त्यांनी लिहिलं, 'लिफ्ट सुरळीत चालू'. प्रशासनाने साहेबांना कळवलं, 'लिफ्ट सुरळीत चालू, कर्मचाऱ्यांत समाधान'. साहेबांची खोली तळमजल्यावर, त्यामुळे त्यांनाही समाधान झालं. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर छापून आलं, 'लिफ्टची सोय आहे'. पत्रिका मीच तपासली. वेलांट्या सगळ्या जागच्या जागी होत्या हो! आपण रोज जिने चढतोय, तरी कुणी अवाक्षर काढलं नाही. चार ठिकाणी लिहून आल्यावर स्वतःच्या गुडघ्यांवर कोण विश्वास ठेवणार? 'चालू' हा शब्दच मोठा चालू आहे.

हसा, हसा. हसून झालं की पुढचं ऐका.

बाईंचे यजमान या क्षणी खाली, पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसले आहेत. जन्मभर सुतारकाम केलेले गृहस्थ. मध्यंतरी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा पाय पायरी चढत नाही. पत्रिकेतली लिफ्ट वाचून ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मघाशी बाई मला म्हणाल्या, "कुणाला बोलू नका हं. ह्यांना खाली माइक ऐकू येतो. उगाच सगळ्यांचा विरस नको." बाई, माफ करा, मी बोलतोय. एकदाच बोलतोय.

त्यांना आपली भाषणं ऐकायची नाहीत, माणूस सुज्ञ आहे. त्यांना बाईंचं टेबल बघायचंय. हे टेबल पूर्वी डुगडुगायचं. त्याची दुरुस्ती चारही तक्त्यांत 'प्रगतिपथावर' होती. शेवटी बाईंनी घरी गाऱ्हाणं केलं. यजमानांनी एवढंच विचारलं, "पायाखाली कागदाच्या किती घड्या घातल्या की थांबतं?" त्या घड्यांच्या मापाने त्यांनी लाकडाची पाचर तासून दिली. बाईंनी सरस लावून ती पायाला बसवली आणि टेबल जे थांबलं ते थांबलंच. या कचेरीत दुसऱ्याच्या कामात पाचर मारणारे आपण पुष्कळ आहोत. पण जिच्यामुळे काम झालं, अशी ही एकच पाचर. ती नीट बसली की नाही, हे तिच्या कर्त्याने अजून पाहिलेलं नाही. उद्यापासून ते टेबल दुसऱ्या कुणाचं होणार. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते मी हसत सांगू शकत नाही.

मी त्यांना म्हटलं, "दादा, खुर्चीसकट उचलून वर नेतो तुम्हाला." ते म्हणाले, "मी काय टेबल आहे, उचलून न्यायला?"

त्यांचं बरोबर आहे. उचलून न्यायचं टेबल वर आहे.

टेबलाला पाय चार, व्यासपीठावर विभागप्रमुख चार. योगायोग म्हणायचा! पाचरीचा पाय देखभाल विभागाने धरावा, आजवर त्यांनी त्याला हात लावलेला नाही. साहेब, आपण ड्रॉवर सांभाळा, तो उतारावर बाहेर येतो. मानपत्र आणि फुलं आपण खालीच देऊ. आणि हात जोडून सांगतो, टेबल कितव्या पायरीवर आलं, हे कुणी कुणाला कळवू नये. खाली पोचलं की दिसेल.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला. मुद्रितशोधकाच्या चुका तपासायला कुणी नसतं.

बाई, तुम्ही पुढे व्हा. दादांनी खाली माइकवर ऐकलंच असेल, पुन्हा काही सांगू नका, आता त्यांना बघू दे. लिफ्ट बंद आहे. चला, आपण चालू या.